न्यू जर्सीच्या बॅकयार्डात ब्लूबेरी: नव्या झुडपांना भरपूर फळं धरायची असतील तर

ब्लूबेरी लावायची तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, बाकीचं सगळं त्यातूनच येतं. जूनमध्ये जी फळं तोडायची त्यांच्या कळ्या झुडपाने आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच बांधून ठेवलेल्या असतात, आणि त्याही त्या उन्हाळ्यात फुटलेल्या नव्या काडीच्या टोकाकडेच. म्हणजे नवी काडी नाही तर कळी नाही, आणि कळी नाही तर फळ नाही. आता होतं काय, लोक एप्रिलमध्ये फुलांनी लगडलेलं रोप विकत आणतात, पहिल्याच वर्षी वाटीभर फळं खाऊन खूश होतात आणि मग तिसऱ्या वर्षी विचारत बसतात की अहो हे झाड वाढतच का नाही, आणलं होतं तेवढंच आहे. वाढणार कुठून, सगळा जीव फळात गेला ना त्याचा.

मी हे न्यू जर्सीच्या हिशोबाने लिहितोय, म्हणजे एडिसन, पिस्कॅटवे, मनरो, प्रिन्स्टन या पट्ट्यात आपली जी मंडळी घर घेऊन नव्याने बॅकयार्डवाली झालीयेत त्यांच्यासाठी. पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट, मिशिगनवाल्यांनाही बरंचसं चालेल, तारखा जरा पुढेमागे करा. फ्लोरिडा-टेक्सासवाल्यांनी मात्र जाती बदलायला लागतील, त्यांनी मातीचा भाग वाचा आणि बाकी तिथल्या लोकल माणसाला विचारा.

रोप नंतर, आधी माती

ब्लूबेरी ही मूळची इथलीच. बर्लिंग्टन काउंटीत व्हाइट्सबॉग म्हणून जागा आहे, तिथे एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी १९११ पासून फ्रेडरिक कोव्हिल या सरकारी कृषी खात्यातल्या वनस्पतीशास्त्रज्ञाबरोबर काम सुरू केलं. पाइन बॅरन्सच्या जंगलात बेरी वेचणाऱ्या लोकांना बाई सांगायच्या की मोठ्या फळाचं झुडूप दिसलं तर दाखवा, पैसे देते, आणि मापायला ५/८ इंचाचं भोक पाडलेली पट्टी द्यायच्या. अशा जंगली झुडपांपासून सुरुवात करून १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचा पहिला माल विकला गेला. आज दुकानात जी मोठाली बेरी मिळते तिचं मूळ हे. आणि याच्या आधी लोकांच्या ब्लूबेऱ्या बागेत मरायच्या का, तर ते तिला चांगली भाजीपाल्याची सुपीक जमीन द्यायचे, आणि कोव्हिल साहेबांना कळलं की हिला नेमकी तीच नको असते. हिला आम्लधर्मी माती लागते, पाइन बॅरन्ससारखी रेताड, ओलसर, पालापाचोळा कुजलेली.

आकड्यात सांगायचं तर पीएच (मातीच्या आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आम्लधर्मी) ४.५ ते ५.५ च्या मध्ये हवा, ४.८ च्या आसपास असेल तर उत्तमच. आपल्या घराची माती किती असते? बहुतेक ६ ते ६.८, कारण लॉन हिरवंगार राहावं म्हणून आधीच्या मालकाने आणि लॉनवाल्याने वर्षानुवर्षं चुना टाकलेला असतो. घराच्या पायाला लागून तर अजून जास्त, काँक्रीटमधला चुना पावसाने झिरपत असतो, त्यामुळे भिंतीलगतची जागा कितीही सोयीची वाटली तरी ब्लूबेरीला देऊ नका. पीएच जास्त असला की मातीत लोह असूनही झुडपाला उचलता येत नाही, पानं पिवळी पडतात आणि फक्त शिरा हिरव्या राहतात. हे दिसलं की लोक धावत जाऊन खत घालतात, वर अजून खत, आणि झुडूप अजून पिवळं.

तर स्टेप एक म्हणजे सॉइल टेस्ट. रटगर्स विद्यापीठाची न्यू ब्रन्सविकला माती तपासायची लॅब आहे, काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसमधून (शेती-बागेचा सल्ला देणारं ऑफिस) किंवा ऑनलाइन माहिती मिळते, फी फार नसते. जिथे लावायचंय तिथून चार-सहा ठिकाणची ६-८ इंच खोलीपर्यंतची माती घ्यायची, प्लॅस्टिकच्या बादलीत मिसळायची, त्यातली थोडी पाठवायची. दुकानात मिळणारे दोन सुयांचे स्वस्त मीटर यासाठी घेऊ नका, त्याच्यावर विश्वास ठेवून गंधकाचा हिशोब करणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

हो, गंधक. पीएच खाली आणायचा खरा उपाय तोच, गार्डन सेंटरला एलिमेंटल सल्फर म्हणून पिशवी मिळते. पण ते तसंच काम करत नाही, मातीतले जिवाणू त्याचं हळूहळू आम्ल करतात आणि ते जिवाणू थंडीत झोपतात, म्हणून परिणाम दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. याचा अर्थ वसंतात रोपं लावायची असतील तर गंधक आदल्या वसंतात किंवा निदान उन्हाळ्याच्या शेवटी घालून ठेवायचं. किती? साधारण हिशोब असा की पीएच ६ असलेली मध्यम पोताची माती ४.५ वर आणायला १०० चौरस फुटाला साडेतीन पाउंड लागतं, रेताड मातीला सव्वा पाउंड पुरतं. तीन झुडपांचा १२ बाय ४ फुटांचा वाफा धरला तर ४८ चौरस फूट, म्हणजे मध्यम मातीला पावणेदोन पाउंडाच्या आतबाहेर. हे एकदम न ओतता दोन हप्त्यांत घाला, वरच्या ६ इंचात नीट मिसळा, आणि मध्ये परत टेस्ट करा. अॅल्युमिनियम सल्फेट झटपट काम करतं असं कोणीतरी सांगेल, पण तेवढं अॅल्युमिनियम मुळांना बाधतं, तेव्हा नकोच.

आता घरगुती उपाय. कॉफीचा चोथा: एकदा कॉफी निघाली की चोथ्यात आम्ल फारसं उरत नाही, तो जवळपास न्यूट्रल असतो, थोडा टाकला तर बिघडत काही नाही पण पीएच उतरेल ही आशा सोडा. चहाचा गाळ, तसंच. व्हिनेगर आणि लिंबाचं पाणी: चार दिवस परिणाम, मग जैसे थे, आणि जास्त ओतलं तर मुळं भाजतात. आणि ज्या गोष्टी मुद्दाम टाळायच्या त्यात आपल्या आवडीच्या बऱ्याच येतात, चुलीची किंवा फायरप्लेसची राख नको, अंड्याची टरफलं नकोत, शेणखत-कोंबडीखत नको, आणि इकडे स्वस्तात मिळतं ते मश्रूम कंपोस्ट तर अजिबात नको कारण त्यात चुना आणि क्षार दोन्ही. गुलाबाला, मेथीला, टोमॅटोला हे सगळं खुशाल घाला. ब्लूबेरीचे लाड वेगळे आहेत.

सेंट्रल जर्सीत अजून एक भानगड म्हणजे लाल चिकणमाती. खड्डा खणून पाणी ओतलं आणि ते तासन् तास तसंच राहिलं तर तिथे जमिनीत लावू नका, ८ ते १२ इंच उंच वाफा करा. ब्लूबेरीला ओल हवी पण साचलेलं पाणी नको, मुळं कुजतात. वाफ्यात साधारण निम्मं पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ, पिशवीत मिळतं) आणि निम्मी इथलीच माती किंवा पाइनच्या सालीचा बारीक चुरा असं भरा. पीट मॉस पिशवीतून कोरडं काढून तसंच घालू नका, ते आधी घमेल्यात किंवा चाकगाडीत पाणी घालून हाताने मळून ओलं करा, एकदा कोरडं मातीत गेलं की ते पाणी धरतच नाही, वरून निथळून जातं. आणि जमीन खणायच्या आधी ८११ ला फोन करा, फुकट आहे, ते येऊन गॅस-केबलच्या लाइनी रंगाने मारून जातात.

कोणती रोपं, किती रोपं

एकटं झुडूप लावलं तरी त्याला फळं येतात, इथल्या हायबुश, म्हणजे उंच झुडपाच्या, जाती स्वतःच्या परागावर धरतात. पण शेजारी दुसऱ्या जातीचं झुडूप असेल तर फळं मोठी होतात आणि जरा लवकर पिकतात. म्हणून किमान दोन जाती, जमलं तर तीन, म्हणजे हंगामही लांबतो. माझी पसंती विचाराल तर ड्यूक, ब्लूक्रॉप आणि एलियट. ड्यूक जूनच्या मध्याला सुरू होतो, ब्लूक्रॉप जूनच्या शेवटाला येऊन जुलैभर चालतो, १९५२ पासून बाजारात असलेली जात आहे आणि अजून तिला तोड नाही असं माझं मत, एलियट जुलैच्या अखेरीला आणि ऑगस्टमध्ये. एलियट थोडी आंबट असते, काहींना आवडत नाही, आणि उशिराच्या फळांवर एक छोटी फळमाशी पडते त्याचं पुढे सांगतो. त्यामुळे दोनच लावायच्या असतील तर ड्यूक आणि ब्लूक्रॉप घ्या आणि मोकळे व्हा, दोन्हींचा फुलोरा बराचसा एकाच वेळी असतो.

रोप निवडताना फुलांकडे बघू नका. दोन-तीन वर्षांचं, एक ते तीन गॅलनच्या कुंडीतलं, बुडापासून तीन-चार चांगल्या काड्या आलेल्या असं रोप घ्या. फुलं कमी असतील तर चांगलंच, तशीही ती काढायचीच आहेत.

जागा उन्हाची, रोज ६ ते ८ तास थेट ऊन. सावलीत झुडूप जगतं, पानं पण छान दिसतात, पण कळ्या बांधत नाही. दोन रोपांत ४-५ फूट अंतर. आत्ता ते इतकुसं दिसतंय म्हणून जवळ लावायचा मोह होतो, पण पाच-सहा फूट उंच आणि तेवढंच रुंद होतं हो ते.

लावायची वेळ मार्चचा शेवट ते एप्रिल. कुंडीतून काढलं की मुळांचा गोळा बघा, मुळं गोल गोल फिरून घट्ट झाली असतील तर बोटांनी किंवा चाकूने चार बाजूंनी सैल करा, घाबरू नका. हे केलं नाही तर मुळं तशीच गोळ्यातच राहतात आणि दोन वर्षांनी उपटून बघितलं तर कुंडीच्या आकाराचा गोळा जसाच्या तसा बाहेर येतो. कुंडीत होतं त्याच खोलीवर किंवा अर्धा इंच वर लावा, पाणी द्या, आणि वर ३-४ इंच मल्च घाला, पाइनची साल, पाइनच्या सुया, लाकडाचा चुरा, काहीही, फक्त खोडाला चिकटवू नका. मल्च हा सजावटीचा भाग नाहीये. ब्लूबेरीची मुळं अगदी वरवर असतात, बारीक केसांच्या जाळीसारखी, आणि बाकी झाडांच्या मुळांना पाणी शोषायला जे सूक्ष्म रोम असतात ते हिच्या मुळांना नसतातच. त्यामुळे वरची दोन इंच माती सुकली की हिला लगेच त्रास होतो. त्याच कारणाने आजूबाजूला खुरपं चालवायचं नाही, तण हाताने उपटायचं. लावताना खत नाही. अजिबात नाही.

आता सगळ्यात जिवावर येणारं काम: फुलं खुडणं

पहिल्या वर्षी सगळी फुलं काढायची. सगळी. दुसऱ्या वर्षीही, झुडूप जोमाने वाढलं नसेल तर परत सगळी, आणि चांगलं वाढलं असेल तर दणकट काड्यांवर मूठभर ठेवा, मुलांच्या हट्टापुरती.

हे कसं करायचं: मार्चमध्ये झुडपाकडे नीट बघितलं तर दोन प्रकारच्या कळ्या दिसतात. काडीच्या टोकाकडे फुगीर, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, त्या फुलांच्या. त्यांच्या खाली काडीला चिकटलेल्या बारीक टोकदार, त्या पानांच्या. टोकाकडच्या फुगीर कळ्या असलेला तुकडा कात्रीने कापून टाकायचा किंवा नुसत्या बोटाने चोळून पाडायच्या. एकेका फुगीर कळीतून ५ ते १० फुलं निघतात आणि प्रत्येक फुलाचं एक फळ होतं, म्हणजे दहा कळ्या काढल्या की पन्नास-शंभर फळं गेली, म्हणूनच जिवावर येतं. सासूबाई आलेल्या असतील भारतातून तर त्यांच्यासमोर करू नका हे काम, ऐकून घ्यायला लागतं.

पण गणित असं आहे. फुटभर उंचीच्या रोपट्याला फळं पोसायला लागली तर मुळं आणि काड्या वाढवायला त्याच्याकडे काही उरत नाही. तेच फळं काढून टाकली तर त्या उन्हाळ्यात बुडातून नवे जाडजूड फुटवे येतात, त्या फुटव्यांवर पुढच्या कळ्या. नीट वाढवलेलं झुडूप तिसऱ्या वर्षी एक-दोन पाउंड देतं, आणि सहा ते आठ वर्षांनी भरात आलं की ५ ते १० पाउंड दरवर्षी, आणि असं झुडूप तीस-तीस वर्षं चालतं. पहिल्या वर्षीच्या वाटीभर फळांची किंमत ही.

पाणी, आणि ऑगस्टची गोष्ट

आठवड्याला १ ते २ इंच पाणी, पाऊस धरून. पर्जन्यमापक नसेल तर एखादा सरळ डबा ठेवा वाफ्यात, त्यात किती साठलं ते बघा. नव्या रोपांना एकदम ओतण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा थोडं थोडं बरं. ड्रिप किंवा सोकर होज मल्चच्या खाली टाकली तर उत्तम. नळाचं पाणी बऱ्याच गावांत अल्कधर्मी असतं, त्याने पीएच हळूहळू वर चढतो, तेव्हा पागोळीच्या पाइपाखाली पावसाच्या पाण्याचं पिंप लावून ठेवलं तर ब्लूबेरीला ते द्या.

आता ऑगस्ट. फळं संपलेली असतात, तोडायला काही नाही, लोक सुट्टीवर भारतात जातात, आणि झुडपाकडे कोणाचं लक्ष नसतं. आणि नेमकं तेव्हाच झुडूप पुढच्या वर्षीच्या कळ्या बांधत असतं! जुलै-ऑगस्टच्या तापात पाण्याचा ताण बसला की कळ्या कमी बांधल्या जातात आणि पुढच्या जूनला तुम्ही म्हणता यंदा फळंच कमी, हवामान बिघडलंय. तेव्हा भारतात जाणार असाल तर टायमर लावा नळाला, किंवा शेजाऱ्याला सांगा, पण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पाणी तुटू देऊ नका. माझ्या मते नवीन लोकांचं उत्पन्न वाढवणारी सगळ्यात स्वस्त गोष्ट हीच आहे.

खत थोडं, वेळेवर, आणि बरोबर जातीचं

ब्लूबेरीला नायट्रोजन अमोनियमच्या रूपात चालतो, नायट्रेटच्या रूपात चालत नाही. त्यामुळे साधं लॉनचं किंवा भाजीचं खत उचलून घालू नका. अमोनियम सल्फेट, ज्याच्या पिशवीवर २१-०-० लिहिलेलं असतं, ते घ्या, किंवा अॅझेलिया-रोडोडेंड्रॉनसाठी म्हणून मिळतं ते आम्लप्रिय झाडांचं खत, होली-टोनसारखं. माती आधीच ४.५ च्या खाली गेली असेल तर मात्र अमोनियम सल्फेट नको, ते अजून खाली ओढतं, तिथे युरिया.

पहिल्या वर्षी लावल्यावर चार-सहा आठवडे थांबा, मग झुडपाला एक औंस अमोनियम सल्फेट, म्हणजे साधारण दोन टेबलस्पून, तेही दोन हप्त्यांत. खोडापासून अर्धा-एक फूट लांब गोल फिरवून टाकायचं आणि वर पाणी. पुढे दरवर्षी औंसभर वाढवत न्या, मोठ्या झुडपाला आठ औंसापर्यंत, त्याच्या वर नाही. वेळ म्हणजे एप्रिलच्या शेवटी कळ्या फुटताना आणि नंतर जूनच्या सुरुवातीला. जुलैनंतर बंद. उशिरा खत दिलं तर सप्टेंबरमध्ये कोवळी पालवी फुटते आणि ती थंडीत करपते, कळ्या राहतात बाजूला. मुळं नाजूक असल्याने जास्त खताने पानांच्या कडा जळतात, तेव्हा शंका असेल तर कमी घाला.

भुंगे

एप्रिलचा उत्तरार्ध आणि मेचा पहिला आठवडा फुलांचा. फुलं उलट्या टांगलेल्या छोट्या हंड्यांसारखी, आणि त्यातला पराग असा मोकळा नसतो, परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असतं त्यातून तो हलवून पाडायला लागतो. मधमाशीला हे नीट जमत नाही. मोठे केसाळ भुंगे फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतात, तो घूंऽऽ असा वेगळा आवाज ऐकू येतो, आणि पराग खाली पडतो. जितकं परागीभवन चांगलं तितक्या फळात बिया जास्त आणि फळ मोठं. म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशक बिलकुल मारायचं नाही, लॉनवाल्यालाही सांगून ठेवायचं, आणि आसपास बागेचा एखादा कोपरा थोडा अस्ताव्यस्त राहू द्यायचा कारण हे भुंगे जमिनीत जुन्या बिळांत आणि गवताच्या झुबक्यांखाली घर करतात. एचओएची (सोसायटीच्या घरमालक संघटनेची) कटकट असेल तर मागच्या कुंपणाशी करा.

फुलं उमललेली असताना रात्री पारा २८ डिग्री फॅरेनहाइटपर्यंत उतरणार असं दिसलं तर जुनी चादर टाकून ठेवा, सकाळी काढा. दोन-चार झुडपं असतात आपली, पाच मिनिटांचं काम.

छाटणी

पहिली तीन वर्षं फार काही नाही. मोडक्या, जमिनीवर लोळणाऱ्या, काडेपेटीच्या काडीएवढ्या बारीक फांद्या काढा, बास. चौथ्या वर्षापासून दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यात जुन्या, करड्या, खरबरीत सालीच्या एक-दोन काड्या बुडापासून कापायच्या, म्हणजे तिथून नवी फूट येते. सहा वर्षांपेक्षा जुन्या काडीवर फळ बारीक आणि कमी येतं. वरून कुंपणासारखं सपाट छाटू नका, इथले लॉनवाले सगळ्या झुडपांचे करतात तसे गोळे करू देऊ नका, कारण कळ्या टोकालाच असतात आणि तुम्ही पुढचं पीकच कापून टाकता. जपानी बागेसारखं दिसलं नाही तरी चालेल.

पक्षी, ससे आणि बाकीची मंडळी

जाळी लावली नाही तर फळं तुमची नाहीत. रॉबिन आणि कॅटबर्ड पहाटे उठतात, तुम्ही चहा घेऊन बाहेर येईपर्यंत पिकलेलं सगळं गेलेलं असतं. चकाकणाऱ्या पट्ट्या, खोटं घुबड वगैरे दोन दिवस चालतं. फळं हिरवी असताना काही नाही, पहिला निळा दाणा दिसायच्या आधी जाळी घाला, पण थेट झुडपावर नको, पीव्हीसी पाइपच्या कमानी करून त्यावर ताणून आणि खाली जमिनीशी पक्की दाबून, नाहीतर पक्षी आत शिरून अडकतात. फुलोऱ्यात जाळी नको, भुंग्यांना वाट पाहिजे. हरणं येत असतील तर जाळी पुरणार नाही, कुंपणच लागेल.

जूनच्या शेवटी जपानी बीटल पानांची चाळण करतात, ते सकाळी सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकून टाका. जुलै-ऑगस्टच्या फळांवर ठिपकेदार पंखांची ती छोटी फळमाशी पिकत आलेल्या चांगल्या फळातसुद्धा अंडी घालते, तिच्यावर घरगुती उपाय एवढाच की दोन-तीन दिवसांआड तोडणी करा, खाली पडलेलं एकही फळ ठेवू नका, आणि तोडलेलं लगेच फ्रिजमध्ये टाका. काही फळं पिकण्याऐवजी करडी होऊन सुकून गळत असतील तर तो बुरशीचा रोग, मग ती सुकी फळं सगळी उचलून कचऱ्यात टाका आणि मार्चमध्ये नवीन मल्चचा दोन इंचांचा थर द्या, म्हणजे खालची बुरशी वर येत नाही.

नोव्हेंबरमध्ये प्रत्येक लहान झुडपाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीचं कडं करा, दोन-अडीच फूट उंच. बर्फ पडला की सशांना खायला काही नसतं आणि ते नव्या काड्या धारदार चाकूने कापल्यासारख्या तिरक्या कुरतडून नेतात, कळ्यांसकट.

तोडायची घाई नको

फळ निळं झालं म्हणजे पिकलं असं नाही. देठाकडे बघा, तिथे लालसर कडं असेल तर थांबा. पूर्ण निळं झाल्यावर अजून चार-सहा दिवस ठेवलं की गोडी भरते आणि आकारही वाढतो, नुसत्या थांबण्याने वजन वाढतं म्हणा ना. तोडल्यावर ब्लूबेरी गोड होत नाही, आंब्यासारखी अढी लावता येत नाही. अंगठ्याने हलकंच लोटलं आणि आपोआप हातात आलं तर ते पिकलेलं, ओढायला लागलं तर नाही. धुवायचं खायच्या आधी, ठेवायच्या आधी नाही, वरची पांढरट साय पुसली गेली की लवकर मऊ पडतं. जास्त आली तर ट्रेमध्ये सुटी पसरून फ्रीझ करा आणि मग पिशवीत भरा, गोळा होत नाही.

आणि पुण्याहून हमखास येणारा प्रश्न, की आमच्याकडे लावू का. इथल्या ड्यूक-ब्लूक्रॉपला हिवाळ्यात ४५ डिग्री फॅरेनहाइटच्या खालची ८०० ते १००० तासांची थंडी लागते, ती पुण्यात मिळणार नाही, त्यामुळे इथून काड्या नेण्याच्या भानगडीत पडू नका, कायद्यानेही त्रास आहे. बिलॉक्सी, मिस्टी अशा कमी थंडीवर भागणाऱ्या जाती असतात, त्यांचं खात्रीच्या नर्सरीतलं रोप मिळालं तर मोठ्या कुंडीत, चांगल्या धुतलेल्या कोकोपीटमध्ये पीट मॉस किंवा पालापाचोळा मिसळून प्रयोग करता येईल. काळ्या मातीत नको, ती चुनखडीची आणि पीएच सात-आठच्या घरात. बोअरचं जड पाणी पण नको, पावसाचं साठवून द्या, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली करा. फुलं पहिल्या वर्षी तिथेही काढायचीच.